दौंडला इंजिन फिरायचं तेव्हा

“आबा, आजचा एक दिवस खरं बोला.”

ज्ञानेश्वरी दारात उभी होती. हातात झेंडूच्या फुलांची पाटी. अंगणात तिचा आजा, जालिंदर कोकरे, कुऱ्हाडीच्या पात्याला चिंच चोळत बसला होता. त्यानं वर न बघताच विचारलं, “किती वाजंपत्तूर?”

“पाव्हणं जाईपत्तूर.”

“आन् पाव्हणं मुक्कामाला राह्यलं तर?”

“आबा.”

एवढंच म्हणाली ती. पण ते असं म्हणाली, की जालिंदरनं चिंच खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि नातीकडं नीट बघितलं. मग म्हणाला, “बरं. आज खरं.”

मी शेजारीच बाजेवर बसून त्यांच्याच घरचा चहा पीत होतो, म्हणून हे मला ठाऊक. न्हावऱ्याच्या पुढं आमची धनगरांची वस्ती आहे. जालिंदरच्या आणि माझ्या घरामध्ये एक बाभळ आहे, ती लावली तेव्हा सरळ होती; त्याच्या गोष्टी ऐकून ऐकून वाकडी झाली. बाकी माणूस सरळ. दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलणार नाही, कुणाला शब्द दिला तर मोडणार नाही. फक्त तोंड उघडलं की त्यातून खरं काही बाहेर पडायचं नाही. पण त्याच्या खोट्यानं कधी कुणाचं काही गेलं नाही. उलट ऐकणारा जरा हलका होऊनच घरी जायचा.

त्याची सगळी नोकरी दौंड स्टेशनात गेली. पॉइंट्समन होता. ज्यांनी त्या बाजूनं प्रवास केलाय त्यांना आठवत असेल, पुण्याहून येऊन मनमाडकडं जाणारी गाडी दौंडला थांबायची. एका टोकाचं इंजिन सोडायचं, ते पलीकडच्या रुळावरून वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणायचं आणि जोडायचं. मग गाडी ज्या तोंडानं आली त्याच्या उलट्या तोंडानं निघायची. झोपेतून उठलेली माणसं खिडकीबाहेर बघून घाबरायची, की आपण परत पुण्याला चाललो की काय. हे सोडणं आणि जोडणं जालिंदरचं काम. इंजिन आणि डबा यांच्यामध्ये वाकून शिरायचं, कपलिंगचा आटा फिरवायचा, हवेचे पाइप सोडायचे, बाहेर येऊन हिरवा झेंडा दाखवायचा. हजारो माणसं त्यानं मार्गाला लावली, पण त्यातल्या एकानंही त्याचं तोंड कधी पाहिलं नसेल. इंजिन फिरत असतं तेव्हा लोक वडापाव घ्यायला उतरलेले असतात.

पण जालिंदरचं म्हणणं असं, की गाडी उलटी निघते तेव्हा काळही थोडा उलटा सरकतो. सगळ्या गाडीपुरता नाही, शेवटच्या डब्यापुरता. आपण झेंडा दाखवायचा आणि पळत जाऊन त्या डब्याच्या पायरीवर उभं राहायचं. तोंड मागं करून. पुढं बघितलं की फसलं, नगर येतं. मागं बघत राहिलं तर आधी विजेचे खांब जातात, मग डांबरी रस्ता जातो, मग उसाच्या जागी माळ दिसायला लागतो, आणि भीमेच्या पलीकडं पेडगावात मोगलांचे तंबू दिसले की उडी मारायची.

तिथून तो हत्यारं आणायचा.

आमच्या वस्तीवर हा खेळच होऊन बसला होता. संध्याकाळी कुणीतरी विचारायचं, “जालिंदर, उद्या ड्यूटीला चाललाय, काय आणतो?” आणि मग ज्यानं त्यानं आपली मागणी सांगायची. त्याचा मुलगा गोकुळ, म्हणजे ज्ञानेश्वरीचा बाप, लहानपणी तोफ मागायचा. मी विटा मागितला होता, म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकला तरी दोरी ओढून परत हातात घेता येतो. आळशी माणसाला याच्यापेक्षा चांगलं हत्यार नाही. कुणी पट्टा मागायचा, कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या मुठीची लांब तलवार, तर कुणी धोप, सरळ पात्याची. एकानं जंबुरा मागितला, उंटाच्या पाठीवरची छोटी तोफ. जालिंदर तो आणायला गेलाही, पण म्हणे उंटाशिवाय द्यायला मोगल तयार होईनात, आणि उंट डब्यात चढेना. उंटाचं तिकीट काढावं लागलं असतं, आणि वयाच्या रकान्यात काय लिहायचं, असा प्रश्न पडला. तो रिटायर झाल्यावरही खेळ थांबला नाही. ज्ञानेश्वरी मोठी झाली, कारेगावला कंपनीत तपासणी विभागाला लागली, तेव्हा तिनं बिचवा मागितला होता. स्कूटीच्या डिकीत मावेल एवढा. शिक्रापूरच्या रस्त्याला ट्रकवाले फार अंगावर येतात, म्हणाली.

आणि यातलं एकही हत्यार घरी का दिसत नाही, असं विचारलं की तो नियम सांगायचा. नियम एकच होता. उलट्या गाडीतून परत येताना, ज्या हत्यारानं जीव घेतलाय ते येत नाही. दौंडच्या अलीकडंच हातातून विरघळतं, साखरेसारखं. ज्यानं कुणाला मारलं नाही तेवढंच इकडं पोचतं. “आता तुम्हीच सांगा,” जालिंदर म्हणायचा, “अशी तलवार मी कुठून शोधू?”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो त्याच्या बहिणीनं. धुरपदा केडगावला दिलेली. तिच्या आळीत हनुमंतराव म्हणून रेल्वेतून रिटायर झालेले ड्रायव्हर राहतात, आमच्यातलेच. त्यांचा मुलगा हृतिक ज्ञानेश्वरीच्याच कंपनीत मेंटेनन्सला. दोघांनी आपसात ठरवलेलं होतं; आता फक्त मोठ्या माणसांनी आपणच ठरवलं असं वाटून घ्यायचं बाकी होतं. धुरपदानं स्थळ सुचवलं. आणि सुचवताना घराण्याला वजन यावं म्हणून ठोकून दिलं, की माझ्या भावाच्या घरी जुन्या काळची हत्यारं आहेत, खंडेनवमीला पुजतात.

हनुमंतरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग आम्ही खंडेनवमीलाच येतो.

वर त्यांची एक अट होती. हृतिकचं आधी एक स्थळ मोडलं होतं. तिकडच्यांनी पोरगी शिकलेली सांगितली होती, ती नव्हती. तेव्हापासून हनुमंतराव सगळ्यांना एकच सांगत, गरिबी चालेल, खोटं चालणार नाही.

म्हणजे आता अशी अडचण, की हत्यारं आहेत म्हणावं तर दाखवायची कुठून, आणि नाहीत म्हणावं तर धुरपदा खोटी पडते. गोकुळनं म्हणे शिरूरहून भाड्यानं तलवारी आणायचं काढलं होतं, देखाव्यासाठी मिळतात तसल्या. ज्ञानेश्वरीनं ते हाणून पाडलं. पत्र्याला घासून बघितलं की कळतं, म्हणाली, आणि त्यांचा मुलगा मेंटेनन्सला आहे. तिचं म्हणणं एकच, जे आहे ते सांगायचं. मोडलं तर खऱ्यानं मोडू दे. हे ती अगदी शांतपणे म्हणाली, पण त्यानंतर तिनं दोन वेळा भाकरी करपवली.

तर खंडेनवमी उजाडली. ओट्यावर काळी घोंगडी अंथरली, जालिंदरनं एकेक हत्यार मांडलं. कुऱ्हाड, विळा, खुरपं, मेंढ्यांची लोकर कातरायची जुनी कातर, गोकुळचा मोटारीचा पाना, आणि कडेला ज्ञानेश्वरीचं व्हर्नियर, ज्यानं ती दिवसभर बोल्टांची मापं घेते. हळदकुंकू झालं. कुऱ्हाड आणि कातर यांच्यामध्ये जालिंदरनं नेहमीप्रमाणं हातभर जागा मोकळी ठेवली. ही जागा तो दरवर्षी ठेवतो. विचारलं की दरवर्षी वेगळं सांगतो. मागच्या वर्षी ती उंटाची होती.

पाहुणे जेवणवेळेच्या जरा आधी आले. हृतिक गाडी लावायच्या निमित्तानं बराच वेळ बाहेर रेंगाळला. हनुमंतराव उंच, थोडे वाकलेले, डोळे बारीक करून लांबवर बघायची सवय असलेले. त्यांची आई सखूबाई, वय झालेली, पण तिच्या नजरेतून मुंगी सुटत नव्हती. हनुमंतरावांच्या हातात केळीच्या पानात बांधलेला मोठा हार होता, शेवंतीचा, मध्ये मध्ये आपट्याची पानं ओवलेला.

“हत्यारास्नी आणलाय,” ते म्हणाले.

गोकुळनं माझ्याकडं बघितलं. मी बाभळीकडं बघितलं.

पाणी झालं, चहा झाला. ज्ञानेश्वरी येऊन बसून गेली. सखूबाईनं तिला कंपनीत काय करते विचारलं. मापं घेते, असं पोरीनं सांगितल्यावर म्हातारी म्हणाली, घे बाई, आमच्या पोराचं बी घे एकदा, लई दिवस कुणी घेतलं न्हाई. हृतिक चप्पल शोधायला बाहेर गेला. सगळे हसले, आणि वाटलं, निभावलं.

एवढं होईस्तोवर जालिंदर एक अक्षर बोलला नव्हता. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता, तोंडात पान नसताना पान असल्यासारखे ओठ मिटून. त्याला तसं बघणं मला कठीण जात होतं.

हनुमंतराव हार घेऊन उठले आणि ओट्यावर घोंगडीसमोर जाऊन उभे राहिले. सगळ्यावरून नजर फिरवली. मग वळून जालिंदरला म्हणाले, “आबा, पट्टा कुठंय?”

आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती ती थांबली. ज्ञानेश्वरी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

जालिंदर उठला. कमरेत वाकलेला माणूस सरळ उभा राहायचा प्रयत्न करतो तसा. म्हणाला, “पट्टा न्हाई, पाव्हणं. तलवार न्हाई, कट्यार न्हाई. कवाच नव्हती. मी दौंडला इंजिनं सोडली आन् जोडली, त्येवढंच केलं. बाकी समदं माझ्या तोंडचं. माझी बहीण भोळी, तिला खरं वाटलं.”

मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. त्याच्या तोंडून सलग एवढं खरं मी कधी ऐकलं नव्हतं. त्याचं त्यालाही ते जमलं नसावं, कारण बोलून झाल्यावर तो उगीच कातर इकडची तिकडं करायला लागला.

हनुमंतरावांच्या चेहऱ्याकडं बघून गोकुळचा धीर सुटला. तो काहीतरी सारवासारव करायला पुढं झाला. पण हनुमंतराव रागावलेले नव्हते. जत्रेला लांबून यावं आणि तमाशा गेल्याचं कळावं, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

“असं कसं म्हणता, आबा,” ते म्हणाले. “मी तर त्येच्यासाठीच आलोय.”

आणि ते ओट्याच्या कडेला बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते सावकाश सांगितलं, जालिंदरकडं न बघता, रस्त्याकडं बघत. नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. ते असिस्टंट होते, ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे. पाटसच्या अलीकडं एक माणूस त्यांच्या इंजिनाखाली आला. चूक कुणाची नव्हती. गाडी तशीच दौंडला आणली. इंजिन फिरवायचं होतं, आणि हनुमंतराव खाली उतरले ते परत चढेनात. पायच उचलेना. पॉइंट्समनच्या केबिनशेजारी दगडावर जाऊन बसले. ड्रायव्हर ओरडून गेला, स्टेशन मास्तरचा माणूस येऊन गेला. मग एक पॉइंट्समन आला, हाताला ग्रीस लागलेला, चहाचा ग्लास पुढं केला आणि काही न विचारता उंटाची गोष्ट सांगायला लागला.

“उंटाची?” सखूबाईनं विचारलं. तिलाही हे नवं असावं.

“व्हय, आई. जंबुरा, मोगल, समदं. मी ऐकतोय की न्हाई ते बी त्यांनी बघितलं न्हाई. आन् शेवटाला म्हणाले, जीव घेतलेलं हत्यार दौंडपत्तूर येतच न्हाई, अलीकडंच विरघळतं. ते बघ तुझं इंजिन. आलंय का न्हाई दौंडला? धड उभं हाय का न्हाई? मंग त्येनं जीव घेतलेला न्हाई. चढ वर.”

त्यांनी हातातला हार मांडीवर नीट धरला.

“मी चढलो,” ते म्हणाले. “रिटायर होईपत्तूर चालवलं.”

जालिंदर त्यांच्याकडं बघत होता. त्याला यातलं काही आठवत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यानं असा चहा किती जणांना दिला असेल, गोष्ट किती जणांना सांगितली असेल, कोण हिशेब ठेवतो. पण तसं तो म्हणाला नाही. आणि आठवतं म्हणावं, तर त्या दिवशी खरं बोलायचा शब्द दिलेला होता, म्हणून गप्प राहिला.

“धुरपदाबाईनी तुमचं नाव सांगितलं आन् माझ्या ध्यानात आलं,” हनुमंतराव म्हणाले. “म्हटलं, पोराचं व्हईल तवा व्हईल, आपल्याला एकदा ऐकायला मिळंल. आन् तुम्ही म्हणताय काय, तर पट्टाच नव्हता. आबा, मी इंजिनातून बघितलाय पट्टा. तुमच्या काखंत व्हता, पोत्यात गुंडाळलेला.”

एवढं बोलून त्यांनी सगळ्यांकडं अशा काही नजरेनं बघितलं, की कुणाची हिंमत असेल त्यानं खोटं म्हणून दाखवावं. खोटं चालणार नाही म्हणणारा माणूस तो. मी तर लगेच म्हणालो, पोतं मीच दिलं होतं.

जालिंदर नातीकडं वळला. “माउले,” त्यानं विचारलं, “सांगू का?”

ज्ञानेश्वरीनं नुसती मान डोलावली.

मग काय विचारता. जालिंदर ओट्यावर मांडी घालून बसला आणि गाडी सुटली. पेडगावचे तंबू आले, मुदपाकखान्यात पुलाव शिजत होता, पहारेकऱ्याला तंबाखू देऊन त्यानं फोडला. तोडेदार बंदूक घेतली, ती कुरकुंभच्या माळावर विरघळली. धोप घेतली, ती त्याच्याही अलीकडं. गुर्ज, म्हणजे लोखंडी गदा, घेतला, तो इतका जड की विरघळला तेव्हा जालिंदर रुळावर तोल जाऊन पडला. सखूबाई हसून हसून डोळे पुसत होती. हृतिक आता चप्पल शोधायचं सोडून दारात ज्ञानेश्वरीच्या शेजारी उभा होता आणि तिकडं कुणी बघत नव्हतं. जेवणं थंड झाली.

शेवटी सखूबाईनंच बोट दाखवलं. “आन् ही मोकळी जागा कशाची रं, पाव्हण्या? तोफंची का?”

जालिंदर थांबला. मला वाटलं, आता उंट येणार.

“गोफणीची,” तो म्हणाला.

मग सांगितलं. बायकोची, भामाबाईची गोफण. काळ्या लोकरीची, तिनं स्वतः वळलेली. जोंधळ्यात माळ्यावर उभी राहून ती पाखरं राखायची. तिचा नेम इतका पक्का, की दगड पाखराच्या शेजारून जायचा. पाखरू उडायचं, पण कधी एकाला लागला नाही. लोकांना वाटायचं हिला नेम नाही. “शेजारून दगड घालवायला जास्त नेम लागतो,” जालिंदर म्हणाला. ती गेली तेव्हा गोकुळनं गोफण तिच्या उशाला ठेवली, तिचीच म्हणून. तिच्याबरोबर गेली. कुणाचं काही चुकलं नाही.

“ती आली असती,” तो म्हणाला. “तिनं कुणाचा जीव घेतला नव्हता. दौंडपत्तूर नीट आली असती. एक फेरी मारायची राह्यली.”

“मंग मारा की,” हृतिक दारातून म्हणाला. पोरगा चांगला आहे, पण अजून लहान आहे.

त्याला उत्तर त्याच्या बापानं दिलं. आता बाहेरून कॉर्ड लाइन झाली आहे, बऱ्याच गाड्या दौंड स्टेशनात शिरतच नाहीत, परभारे जातात. इंजिन फिरवायचं काम राहिलं नाही. हे सांगताना हनुमंतरावांचा आवाज ड्रायव्हरचा होता.

घोंगडीच्या त्या मोकळ्या जागेवर एक झेंडूची पाकळी पडली होती, ती जालिंदरनं उचलून बाजूला ठेवली.

सखूबाई पदर सावरून म्हणाली, “पोरगी पसंत हाय. म्हातारा बी. आता जेवायला वाढा, तुमच्या मोगलांच्या पुलावानं पोट भरत न्हाई.”

सगळे उठले. गडबड झाली, पानं मांडली गेली, आत बायका एकदम बोलायला लागल्या. ज्ञानेश्वरी आजाच्या जवळून जाताना क्षणभर थांबली, त्याच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि आत गेली.

हनुमंतराव सगळ्यांच्या मागं राहिले. त्यांचा हार अजून हातातच होता. ते घोंगडीसमोर वाकले. कुऱ्हाडीला नाही, कातरीला नाही. कुऱ्हाड आणि कातर यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी तो हार गोल ठेवला, दोन्ही हातांनी, आत काही असल्यासारखा, त्याला धक्का लागू नये अशा बेतानं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला हत्यारं उचलली. गोकुळ पाना घेऊन मोटारीकडं गेला, ज्ञानेश्वरीनं व्हर्नियर पर्समध्ये टाकलं, कुऱ्हाड आढ्याला गेली. घोंगडी मात्र कुणी उचलली नाही. तिच्यावर शेवंतीचा तो गोल तसाच होता, आणि गोकुळची बायको ओटा झाडताना त्याच्या कडेकडेनं झाडत होती.